पन्हाळा : तटाच्या आत नांदणारे गाव

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर असलेला पन्हाळा महाराष्ट्रातील बहुतेक किल्ल्यांपेक्षा एका बाबतीत वेगळा आहे. येथे आजही लोक राहतात. रायगडावर, राजगडावर किंवा प्रतापगडावर गेलेला पर्यटक पडक्या चौथऱ्यांवरून जुन्या वस्तीची कल्पना करतो. पन्हाळ्यावर मात्र तटाच्या आत शाळा भरते, बाजार चालतो, नगरपरिषदेची निवडणूक होते आणि तालुक्याच्या कचेरीत सात-बाराचे उतारे मिळतात. २०११च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास होती. महाराष्ट्राच्या इतिहासात आठशे वर्षांहून अधिक काळ राबता राहिलेली अशी गडावरची गावे फार थोडी आहेत.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे झालेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी हा एक किल्ला आहे. पन्हाळा या बारांपैकी एक. या नोंदीमुळे पन्हाळ्याचे नाव जगभर पोचले. त्याबरोबर एक जुना प्रश्नही नव्याने पुढे आला. जेथे माणसे राहतात, तेथे वारसा जपायचा कसा? आणि वारसा जपायचा, तर माणसांनी राहायचे कसे? या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी पन्हाळ्यावर नेमके काय उरले आहे आणि ते कसे उरले, हे पाहणे आवश्यक आहे.

जागा आणि नाव

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे सरकलेल्या एका डोंगरशाखेवर हा गड आहे. भोवतालच्या सपाटीपासून तो सुमारे ४०० मीटर उंच असून त्याचा विस्तार ढोबळमानाने त्रिकोणी आहे. तटबंदीची एकूण लांबी सात किलोमीटरहून अधिक भरते. तिच्या बऱ्याच लांबीत डोंगराचा तुटलेला कडा हाच खरा तट असून माणसाने त्यावर केवळ जंग्यांचा कठडा चढवला आहे. कडा जेथे उतरता होतो, तेथे पाच ते नऊ मीटर उंचीची भिंत आणि गोल बुरूज उभे केले आहेत. निसर्गाने जेवढे दिले तेवढे घ्यायचे आणि उरलेले बांधायचे, हे सह्याद्रीतील दुर्गरचनेचे सूत्र येथे फार स्पष्ट दिसते. युनेस्कोच्या नोंदीत पन्हाळ्याची गणना 'डोंगरी पठारावरील किल्ला' अशी केलेली आहे, ती याच रचनेमुळे.

डोंगरमाथा जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि खालच्या काळ्या कातळाशी ते अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सोमेश्वर तळे, सादोबा तळे, नागझरी, कर्पूर बाव अशा पाण्याच्या जागा गडभर आहेत. ज्या किल्ल्यावर पाणी मुबलक, तेथेच मोठी वस्ती टिकते. पन्हाळा गाव म्हणून जगला, त्याचे पहिले कारण येथील पाण्यात आहे.

गडाची नावेही अनेक. पन्नगालय म्हणजे नागांचे घर, हे नाव सर्वांत जुन्या नावांपैकी एक मानले जाते. प्रणालक, पद्मनाल, पर्णाल अशी रूपेही आढळतात. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड पुन्हा जिंकला, त्या प्रसंगावर जयराम पिंड्ये यांनी संस्कृतमध्ये 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' लिहिले. गडावरील लेण्यांना पराशर ऋषींचे नाव देऊन परंपरेने या स्थळाचा संबंध थेट पुराणकाळाशी जोडला आहे.

शिलाहारांपासून करवीरकरांपर्यंत

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसऱ्या भोजराजाने हा किल्ला बांधला. त्याने बांधलेल्या किंवा सजवलेल्या पंधरा किल्ल्यांमध्ये विशाळगड, भुदरगड आणि बावडा यांचाही समावेश होतो. ११९१च्या सुमारास त्याचा दरबार पन्हाळ्यावर भरत असल्याचा दाखला ताम्रपटात मिळतो. १२१०च्या सुमारास यादव राजा सिंघणाने भोजाचा पराभव केला आणि गड यादवांकडे गेला. पुढे बहामनी आणि १४८९ नंतर विजापूरची आदिलशाही असे धनी बदलत गेले. आज दिसणारे बुलंद दरवाजे, कमानी आणि धान्याची कोठारे यांपैकी बहुतांश काम आदिलशाही काळातले आहे. त्या काळातील फारसी शिलालेख गडावर आढळतात.

अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. चार महिन्यांच्या वेढ्यानंतर १२ जुलैच्या पावसाळी रात्री महाराज गडावरून निसटले आणि विशाळगडाकडे गेले. महाराजांचे रूप घेऊन शत्रूला गुंगारा देणारा शिवा काशीद आणि खिंड लढवणारे बाजीप्रभू देशपांडे या दोघांच्या बलिदानामुळे मराठी माणसाच्या मनात पन्हाळ्याचे स्थान कायमचे ठरून गेले. दरवर्षी जुलै महिन्यात पन्हाळा ते पावनखिंड या मार्गाने शेकडो तरुण पायी जातात. त्यांच्या दृष्टीने हा इतिहास पुस्तकापेक्षा चिखलात आणि धुक्यात अधिक जिवंत असतो.

वेढ्यानंतर गड आदिलशाहीकडे परत गेला. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंदाने केवळ साठ मावळ्यांनिशी रात्री कडा चढून तो परत मिळवला. त्यानंतर शेजारच्या डोंगरावर पावनगड उभारला गेला. शत्रूने त्या डोंगरावर तोफा चढवल्या, तर पन्हाळ्याला धोका होतो, हा धडा जौहरच्या वेढ्याने दिला होता. संभाजी महाराज १६७८च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभरानंतर येथे परतले. जानेवारी १६८० मध्ये पिता-पुत्रांची अखेरची भेट याच गडावर झाली. एप्रिल १६८० मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले, त्या वेळीही संभाजी महाराज पन्हाळ्यावरच होते.

औरंगजेबाच्या स्वारीच्या काळात गड कधी मोगलांकडे, कधी मराठ्यांकडे असा फिरत राहिला. १७०१ मध्ये औरंगजेब स्वतः पन्हाळ्यासमोर तळ देऊन होता. इंग्लंडचा वकील सर विल्यम नॉरिस त्याच्या भेटीला आला तो येथेच. १७१०च्या सुमारास महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्याला राजधानीचा दर्जा दिला. १७१४ मध्ये याच गडावर सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र दुसरे संभाजी गादीवर आले. १७३१च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर ही दोन राज्ये वेगळी झाली. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूर शहरात हलवण्यात आली.

राजधानी गेली, ही पन्हाळ्याच्या दृष्टीने हानी होती. पण जुन्या इमारती वाचल्या त्याही काही अंशी त्यामुळेच. कोल्हापूर शहर वाढत गेले आणि त्याचा जुना तट वाढत्या वस्तीने गिळला. बिंदू चौकाजवळ आता त्याचे अवशेष तेवढे दिसतात. पन्हाळ्यावर तशी वाढ झाली नाही.

तीन दरवाजा : वाटेतला सापळा

पश्चिमेकडचा तीन दरवाजा ही गडावरील सर्वांत देखणी वास्तू. एकामागून एक अशा दरवाजांची ही रचना आहे. बाहेरच्या दरवाजातून आत आलेला माणूस थेट गडावर पोचत नाही. तो आधी एका बंदिस्त चौकात येतो. चौकाच्या बाजूंना पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या आहेत. बाहेरचा दरवाजा फोडून शत्रू आत शिरला, तरी या चौकात तो चहूबाजूंनी माऱ्याखाली येई. हत्तीला धडक देण्यासाठी लागणारी मोकळी धाव मिळू नये, हाही हेतू अशा रचनेमागे असे.

आतील दरवाजावरचे कोरीव काम पाहण्यासारखे आहे. नक्षीदार पट्टे, कमानीवरची फुले, फारसी लेख आणि त्याच्याच जोडीला मराठा काळात बसवलेली गणेशमूर्ती हे सारे एकाच चौकटीत नांदते. नव्या सत्तेने जुन्या सत्तेचे काम पाडले नाही. त्यावर आपली खूण तेवढी चढवली. वाघ दरवाजाची रचनाही याच धर्तीची असून तेथेही गणेशाचे शिल्प आहे. राजदिंडी ही मात्र अगदी वेगळ्या प्रकारची वाट. ती मुद्दाम लहान आणि सहज नजरेस न येणारी ठेवलेली आहे. १६६०च्या त्या रात्री महाराज याच दिंडीतून बाहेर पडले, असे मानले जाते. मोठ्या दरवाजाने गडाची शान राखली आणि लहान दिंडीने स्वराज्य वाचवले, असे पन्हाळ्यावरचे जुने लोक म्हणतात.

अंधार बाव : पाण्याचा पहारा

तीन दरवाजाजवळच अंधार बाव किंवा शृंगार बाव आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती काळ्या दगडाची साधी इमारत वाटते. आत शिरल्यावर ती तीन मजली असल्याचे लक्षात येते. सर्वांत खाली खोल विहीर, मधल्या मजल्यावर पहाऱ्याच्या शिपायांना बसण्याच्या जागा आणि तटातून बाहेर पडणारी चोरवाट, वर निवाऱ्याची जागा, अशी तिची मांडणी आहे. वळत जाणारा जिना विहिरीपर्यंत उतरतो.

वेढा घालणारा शत्रू पहिला घाव पाण्यावर घालत असे. विहिरीत विष टाकल्याने गड पडल्याची भीती त्या काळी प्रत्येक किल्लेदाराला असे. त्यामुळे येथे विहिरीभोवती इमारत बांधून पाण्यालाच पहारा बसवला. विहीर, चौकी आणि पळवाट या तीन गरजा एकाच वास्तूत भागवण्याची ही युक्ती महाराष्ट्रातील फार थोड्या किल्ल्यांवर पाहायला मिळते. उन्हाळ्यात भर दुपारी या इमारतीत शिरले, तर जाड दगडी भिंतींमुळे जाणवणारा गारवा तिच्या बांधणीचे आणखी एक मर्म सांगून जातो.

अंबरखाना : वेढ्याचे गणित

गडाच्या मध्यभागी बालेकिल्ला होता. त्यात अंबरखाना म्हणजे धान्याची तीन प्रचंड कोठारे आहेत. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्यांची नावे. गंगा कोठी सर्वांत मोठी असून तिचे क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर, तर उंची पावणेअकरा मीटरच्या जवळपास आहे. तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावत असल्याची नोंद आढळते.

कोठाराची रचना समजून घेण्यासारखी आहे. बाहेरच्या बाजूने जिने चढून छतावर जाता येते. आतील प्रत्येक दालनावर कमानदार छत असून त्याला एक गोल भोक ठेवले आहे. धान्याची पोती छतावर न्यायची, भोकातून धान्य आत ओतायचे आणि काढताना मात्र खालच्या दाराने काढायचे, अशी ही सोय. त्यामुळे आधी भरलेले धान्य आधी बाहेर येई आणि साठा कुजत नसे. भिंती जाड असल्याने आतील हवा कोरडी आणि स्थिर राही. जवळच धर्मकोठी नावाची लहान दगडी इमारत आहे. गरजूंना धान्यवाटप तेथून होत असे, असे सांगितले जाते.

किल्ला तोफांनी लढतो, तसाच तो दाण्यांनीही लढतो. चार महिने वेढ्यात राहिलेल्या फौजेला आणि रयतेला रोज दोन वेळ खायला घालण्याची तजवीज असल्याखेरीज १६६०चा वेढा इतका लांबू शकला नसता. अंबरखान्यासमोर उभे राहिले की हे गणित उलगडते. एवढे धान्य साठवण्याची सोय ज्या जागी केली, ती जागा केवळ लष्करी ठाणे नव्हती; ती वस्ती होती. त्या वस्तीत सैनिकांबरोबर कारकून, सुतार, लोहार, गवंडी, पुजारी आणि त्यांची कुटुंबेही राहत होती.

सज्जा कोठी, वाडे आणि मंदिरे

पूर्वेकडील कड्यावर सज्जा कोठी उभी आहे. वरच्या दालनाला घुमट असून कड्याच्या बाजूने नक्षीदार सज्जे काढलेले आहेत. तेथून वारणेचे खोरे आणि जोतिबाचा डोंगर दिसतो. ही इमारत मुळात विसाव्याची आणि टेहळणीची. आदिलशाही बांधणीचा नाजूकपणा येथे सर्वांत अधिक जाणवतो. संभाजी महाराजांचे वास्तव्य या कोठीत होते, अशी परंपरा आहे. कलावंतिणीचा महाल किंवा नायकिणीचा सज्जा या नावाने ओळखली जाणारी पूर्वेकडची वास्तू मात्र बरीच पडलेली आहे.

ताराराणींचा वाडा या साऱ्यांहून निराळा. तो आजवर चांगल्या स्थितीत राहिला, कारण त्याचा वापर थांबला नाही. राजधानी कोल्हापूरला गेल्यानंतर या वाड्यात शाळा भरू लागली, मुलांचे वसतिगृह आणि सरकारी कार्यालये आली. ज्या इमारतीचे छप्पर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कोणीतरी शाकारतो, ती टिकते. कुलूप लावलेली इमारत दोन-चार पावसाळ्यांत खचू लागते. पन्हाळ्यासारख्या अतिवृष्टीच्या जागी तर हे अधिकच खरे ठरते.

सोमेश्वराचे मंदिर, अंबाबाईचे मंदिर, दुसऱ्या संभाजी महाराजांचे स्मृतिमंदिर आणि त्यांच्या पत्नी जिजाबाई यांचे स्मारक ही गडावरची आणखी काही महत्त्वाची स्थळे. राजाराम महाराजांच्या कठीण काळात स्वराज्य सावरणारे रामचंद्रपंत अमात्य यांची समाधीही येथे आहे. पंडित कवी मोरोपंत यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावरच झाला. पुढे त्यांचे आयुष्य बारामतीला गेले, तरी गावातील ग्रंथालयाने त्यांचे नाव जपले आहे.

१८४४ : चार दरवाजा पडला तेव्हा

पन्हाळ्याचे सर्वांत मोठे नुकसान मध्ययुगीन लढायांत झाले नाही. ते इंग्रजांच्या काळात झाले. कोल्हापूर संस्थानात कंपनी सरकारच्या वतीने नेमलेल्या कारभाऱ्याने गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपवली. पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करून त्या बदल्यात जमीन कसणाऱ्या या शिबंदीचा आधारच त्यामुळे हलला. १८४४ मध्ये सामानगडापासून उठाव सुरू झाला आणि तो पन्हाळ्यापर्यंत पोचला. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना पकडून गडकऱ्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रज फौजेने तोफांनी तटाला खिंडार पाडून गड घेतला.

त्यानंतर तटबंदीचा बराच भाग हेतुपुरस्सर पाडण्यात आला. पूर्वेकडील भव्य चार दरवाजा जमीनदोस्त झाला. आज कोल्हापूरकडून मोटारीने वर येणारा रस्ता ज्या भागातून गडावर शिरतो, तेथे हा दरवाजा होता. पर्यटक गडावर पाऊल ठेवतो ते नेमके त्या विध्वंसाच्या जागी, याची जाणीव थोड्यांनाच असते. या प्रसंगाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. तटाइतकाच गडकऱ्यांचा हक्कही तेव्हा मोडला गेला. राहणाऱ्यांना विश्वासात न घेता गडाची नवी व्यवस्था लावली की काय होते, याचा तो दाखला आहे.

थंड हवेचे गाव

पुढच्या काळात पन्हाळ्याची ओळख बदलली. संस्थानी अमलात आणि नंतरही हे थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपाला आले. कोल्हापूर ही मराठी चित्रपटसृष्टीची जन्मभूमी. तिच्याशी नाते असलेल्या व्ही. शांताराम आणि लता मंगेशकर यांचेही येथे बंगले होते. हॉटेले, खाद्यपदार्थांच्या गाड्या, घोडेस्वारी, उद्याने असा पसारा वाढत गेला. सुटीच्या दिवशी गडावर वाहनांची रांग लागते. पर्यटन हाच गावाचा मुख्य रोजगार झाला.

डोंगरावरचा ताणही त्याबरोबर वाढला. जांभ्यात मुरलेले पाणी कड्याच्या पोटात दाब निर्माण करते. अतिवृष्टीत बुरुजांचे आणि तटाचे दगड सुटतात, दरडी कोसळतात. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. गावाचा जगाशी संबंध एकाच रस्त्यावर किती अवलंबून आहे, हे त्या वेळी उघड झाले.

वारसा आणि रहिवासी

पन्हाळा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यात २०१० मध्ये झालेली दुरुस्ती येथे लागू आहे. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतच्या प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असून तेथे परवानगीने बांधकाम होऊ शकते. १६ जून १९९२ पूर्वीच्या घरांना प्रतिबंधित क्षेत्रातही दुरुस्तीसाठी अर्ज करण्याची तरतूद आहे.

शहरात एखादे मंदिर संरक्षित असेल, तर हा नियम आसपासच्या काही घरांना लागू होतो. पन्हाळ्यावर मात्र दरवाजे, कोठारे, बावी आणि तट गावभर विखुरलेले आहेत. शंभर मीटरची एक रेघ संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. कुटुंब वाढले म्हणून मागे एक खोली काढायची, गळके छप्पर बदलायचे किंवा स्वच्छतागृह बांधायचे, तरी परवानगीचा विचार करावा लागतो. त्यामुळे जागतिक वारसा नामांकनाच्या काळात गावात धास्ती निर्माण झाली. आपल्याला येथून उठवणार का, हा प्रश्न रहिवाशांनी उघडपणे विचारला. कोणाचेही स्थलांतर होणार नाही, असे प्रशासनाला सांगावे लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट असणे आवश्यक आहे. युनेस्को कोणत्याही वारसास्थळाची मालक होत नाही आणि तिचे वेगळे बांधकाम नियमही नसतात. त्या त्या देशाचा कायदाच तेथे चालतो. पन्हाळ्यावरील निर्बंध २०२५ मध्ये आलेले नाहीत. ते आधीपासूनचे आहेत. नव्या नोंदीने बदलले ते एवढेच, की स्थळाच्या स्थितीबद्दल आता भारताला आंतरराष्ट्रीय समितीपुढे उत्तरदायी राहावे लागेल.

तटाच्या आतील वस्ती हा प्रश्न पन्हाळ्यापुरता नाही. स्पेनमधील आविला हे मध्ययुगीन शहर १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथील तटबंदी सुमारे अडीच किलोमीटर लांब असून तिला ८७ बुरूज आणि नऊ दरवाजे आहेत. कॅथेड्रलची मागची बाजूच तटात बसवलेली असल्याने ती एकाच वेळी चर्चही आहे आणि बुरूजही. आविलाच्या जुन्या भागात लोक राहतात, दुकाने चालतात आणि तट अभंग आहे. याचे एक कारण असे, की शहराची वाढ तटाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर होऊ शकली. पन्हाळ्याची तटबंदी आविलाच्या जवळजवळ तिप्पट लांब आहे. परंतु तिच्याबाहेर बहुतेक ठिकाणी सरळ कडा आहे. आविलाला बाहेर पसरता आले. पन्हाळ्याला पसरायचे, तर आतच पसरावे लागते.

राजस्थानातील जैसलमेरचा किल्ला हे दुसरे उदाहरण. तोही वसता किल्ला असून २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत आला. तेथे हॉटेले वाढली, पाण्याचा वापर वाढला आणि जुन्या गटारांतून सांडपाणी पायात झिरपू लागले. नव्वदच्या दशकात तेथील काही बुरूज कोसळले. वाळवंटातल्या किल्ल्याला पाण्याने धोका निर्माण झाला. पन्हाळ्यावर तर पाऊसच धो धो कोसळतो. त्यामुळे येथे वारसा जपण्याचे पहिले काम दिसायला अगदी साधे आहे. सांडपाणी आणि पावसाचे पाणी कड्यापासून दूर नेणारी गटारे, तटावर उगवणारी झाडे मुळांनी दगड फोडण्यापूर्वी काढणे, वाहने गडाखाली थांबवणे आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या परवानग्या वेळेत मिळणे, या चार गोष्टींवर पन्हाळ्याचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

तट आणि गाव यांना परस्परांचे शत्रू मानले, तर दोघांचेही नुकसान होईल. रहिवासी गेले, तर पन्हाळाही इतर किल्ल्यांसारखा दिवसा गजबजलेला आणि रात्री ओसाड होईल. वस्ती मोकाट वाढली, तर ज्या वारशावर गावाचा रोजगार चालतो, तोच ढासळेल. अंबरखाना आणि अंधार बाव बांधणाऱ्यांनी धान्य, पाणी, पहारा आणि माणसे यांचा विचार एकत्र केला होता. आजच्या नियोजनालाही तेच सूत्र धरावे लागणार आहे.

भेट देताना

कोल्हापूरहून पंचगंगेवरील शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी मार्गाने वाघबीळपर्यंत आणि तेथून घाटाने पन्हाळ्यावर जाता येते. कोल्हापूरहून एसटीच्या बस मिळतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ वास्तू पाहण्यासाठी सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात गड सुंदर दिसतो. पण धुक्यामुळे सज्जा कोठीवरून दरी दिसेलच असे नाही आणि कड्याजवळच्या वाटा निसरड्या असतात.

सर्व प्रमुख वास्तू नीट पाहण्यासाठी पूर्ण दिवस हवा. तीन दरवाजा आणि अंधार बाव एकमेकांलगत असल्याने ती एकत्र पाहावीत. त्यानंतर अंबरखाना आणि धर्मकोठी, मग सोमेश्वर तळे आणि मंदिरे, शेवटी सज्जा कोठी आणि पुसाटी बुरूज असा क्रम ठेवता येईल. उत्साही पर्यटकांनी पावनगडही पाहावा. दोन्ही गड एकत्र पाहिल्याखेरीज पन्हाळ्याच्या संरक्षणाची कल्पना पूर्ण होत नाही. अंतरे फार नाहीत. गाडी एका जागी ठेवून पायी फिरल्यास वाटेत जुनी घरे, जांभ्याच्या भिंती आणि गल्लीतल्या विहिरी दिसतात. गावातल्या वृद्धांशी चार शब्द बोलल्यास फलकावर नसलेली माहितीही मिळते.